रिपोर्टवरचा आकडा आणि घरातली माणसं



गेल्या रविवारी बस्तीत अभिषेक झाल्यावर एक मैत्रीण मला खांबाआड घेऊन गेली. तिच्या लेकीला तिसरा महिना आहे. सोनोग्राफी झाली, रक्ताची तपासणी झाली आणि रिपोर्टवर 'हाय रिस्क' असं आलं. ती अगदी हळू आवाजात म्हणाली, "तुमच्या सुनेचं पण असंच काहीतरी झालं होतं ना? कुठला पाठ करायचा तेवढं सांगा."

मी तिला पाठ सांगितला नाही. "आधी लेकीजवळ जाऊन बस आणि आणखी कोणाला सांगू नकोस," एवढंच म्हटलं. घरी आल्यावर वाटलं, उरलेलं लिहूनच काढावं. अशा रिपोर्टची घरं आता कमी नाहीत आणि त्या घरांत सर्वात जास्त बोलणाऱ्या आपण बायकाच असतो. सुनेला विचारूनच लिहिते आहे. तिने हे वाचलं, दोन वाक्यं खोडली, बाकीचं राहू दिलं.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. सूनबाईला बारावा आठवडा होता. या दिवसांत एक खास सोनोग्राफी करतात, तिला एनटी स्कॅन म्हणतात. बाळाच्या मानेमागे त्वचेखाली थोडं पाणी असतं, त्याची जाडी मोजतात. अकरा आठवड्यांपासून तेरा आठवडे सहा दिवसांपर्यंतच ते नीट मोजता येतं. सोबत आईच्या रक्ताची डबल मार्कर तपासणी असते. आईचं वय, ती जाडी आणि रक्तातले दोन घटक असं सगळं एकत्र करून एक आकडा काढतात. आमच्या रिपोर्टवर जाडी ३.२ मि.मी. आणि खाली १:९६ असं होतं. तपासणाऱ्या डॉक्टरांकडे गर्दी होती. "हाय रिस्क आहे, पुढची तपासणी करून घ्या," एवढं सांगून त्यांनी पुढच्या पेशंटला बोलावलं.

मुलगा आणि सून घरी आले तेव्हा मी रात्रीच्या आत स्वयंपाक उरकत होते. सून काही न बोलता खोलीत गेली. मुलाने मला सांगितलं. आणि मी काय केलं? दहा मिनिटांत जाऊबाईंना फोन लावला. मन हलकं करायला म्हणून. जाऊबाईंनी त्यांच्या लेकीला सांगितलं, तिने आणखी कोणाला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सुनेला चार फोन आले. एकीने विचारलं, ग्रहणात बाहेर गेली होतीस का? एकीने विचारलं, लग्नाआधी हॉस्टेलवर कांदा-बटाटा खात होतीस ना? तिसरी म्हणाली, मागच्या जन्मीचं काहीतरी असतं गं, भोगायलाच लागतं.

संध्याकाळी सून माझ्यासमोर येऊन उभी राहिली. आवाज चढवला नाही तिने. "आई, माझ्या पोटातली गोष्ट आहे. मला अजून ती नीट कळलीसुद्धा नाही आणि सगळ्या गावाला कळली." मला उत्तर सुचलं नाही. पस्तीस वर्षांत मी सामायिकात किती वेळा वाणीचा संयम म्हटला असेल, पण ज्या दिवशी तो लागणार होता त्या दिवशी तो माझ्याकडे नव्हता.

म्हणून पहिलं सांगणं हे, की ही बातमी तिची आहे. कोणाला सांगायची, कधी सांगायची, हे तिने ठरवायचं. आपल्याला मन हलकं करायचं असेल तर देवासमोर बसावं, फोनसमोर नको.

आता त्या आकड्याबद्दल. मी बी.कॉम. झालेली बाई आहे, डॉक्टर नव्हे. पण १:९६ वाचायला डॉक्टर व्हावं लागत नाही. त्या रात्री आम्ही तिघं जेवणाच्या टेबलाशी बसलो आणि मी वहीवर मांडून दाखवलं. असाच आकडा आलेल्या ९६ बायका एका ओळीत उभ्या केल्या, तर त्यांतल्या एकीच्या बाळाला तो दोष असेल आणि ९५ जणींच्या बाळांना नसेल. म्हणजे जवळजवळ ९९ टक्के 'नाही' आणि एक टक्का 'हो'. 'हाय रिस्क' हा शब्द ऐकून आम्ही उलटंच धरून बसलो होतो.

हिशेब लिहिणाऱ्याला हे लवकर कळतं. वर्षअखेरीला काही येणी संशयित म्हणून आपण बाजूला काढतो, त्यांची तरतूद करून ठेवतो. पण ती बुडाली असं लिहीत नाही. संशयित वेगळं, बुडीत वेगळं. एनटी स्कॅन आणि डबल मार्कर ही चाळणी आहे. कोणाला पुढच्या तपासणीची गरज आहे एवढंच ती सांगते. बऱ्याच ठिकाणी २५० मध्ये १ किंवा त्याहून जास्त शक्यता आली की हाय रिस्क लिहितात. ती रेघ माणसांनी आखलेली आहे. रेघेच्या अलीकडे असलेल्यांना सगळं ठीकच असेल असं नाही आणि पलीकडे असलेल्यांना दोष असेलच असंही नाही.

नक्की सांगणाऱ्या तपासण्या दोन. एक, वारेचा अगदी छोटा तुकडा घेऊन करतात, ती साधारण अकरा ते तेरा आठवड्यांत. दुसरी, पोटातून सुईने गर्भजल काढून करतात, ती पंधरा आठवड्यांनंतर, बहुधा सोळाव्या-सतराव्या आठवड्यात. दोन्हींत गर्भ जाण्याचा धोका असतो. अनुभवी हातांत तो एक टक्क्याहून कमी असतो, पण असतो. म्हणून घाई नाही आणि जबरदस्ती तर मुळीच नाही. आईच्या दंडातून रक्त घेऊन करायची एनआयपीटी नावाची नवी तपासणीही आहे. ती डबल मार्करपेक्षा पुष्कळ नेमकी आहे, पण तीसुद्धा चाळणीच. तिच्यावर शेवटचा निर्णय घ्यायचा नसतो. जाडी साडेतीन मि.मी. किंवा त्याहून जास्त असेल तर डॉक्टर बहुधा सरळ नक्की सांगणाऱ्या तपासणीचाच सल्ला देतात.

मैत्रिणींनो, डॉक्टरांकडे जाताना कागदावर प्रश्न लिहून न्या. आम्ही दुसऱ्यांदा गेलो तेव्हा नेले होते आणि मोठ्या शहरातल्या गर्भतज्ज्ञ डॉक्टरांनी प्रत्येकाचं उत्तर शांतपणे दिलं. ही तपासणी चाळणी आहे की निदान? आमचा आकडा किती आणि तुमची रेघ किती? कुठल्या दोषाबद्दल हा आकडा आहे? पुढची तपासणी कधी, तिचा धोका किती, खर्च किती, रिपोर्ट किती दिवसांनी? गुणसूत्रं नीट निघाली तर पुढे काय बघायचं? हा शेवटचा प्रश्न विसरू नका. मानेमागची जाडी वाढलेली असेल तर गुणसूत्रं नीट असूनही कधी कधी बाळाच्या हृदयात दोष असू शकतो. म्हणून अठरा-वीस आठवड्यांची सविस्तर सोनोग्राफी आणि बाळाच्या हृदयाची वेगळी तपासणी करून घ्यावी लागते. एक प्रश्न मात्र कोणीही विचारायचा नाही, मुलगा की मुलगी. १९९४च्या कायद्याने तो गुन्हा आहे आणि आपल्या धर्माने तर आहेच.

आता त्या तीन फोनांबद्दल. डाऊन सिंड्रोममध्ये ४६ ऐवजी ४७ गुणसूत्रं असतात, एकविसाव्या जोडीत एक जास्त. ही चूक बहुतेक वेळा बीज तयार होतानाच झालेली असते, तिला दिवस गेले हे कळायच्याही आधी. ग्रहण, कांदा, जिना चढणं, रडणं, यांतल्या कशाचा तिच्याशी संबंध नाही. आईच्या वयाबरोबर शक्यता वाढते, हे खरं. पंचविशीत साधारण १,२५० मध्ये १, पस्तिशीत ३५० मध्ये १, चाळिशीत १०० मध्ये १. पण पंचविशीतल्या मुलींनाही अशी बाळं होतातच. कंदमूळ सोडावं ते जीवदयेसाठी. त्याचा उपयोग सुनेला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करायला करू नये.

आणि कर्म. हा शब्द आपल्या तोंडात फार पटकन येतो. पण आपण जे म्हणतो ते आपलं शास्त्र म्हणतं का, हे एकदा तपासून बघा. प्रत्येक जीव आपलं कर्म आपणच बांधतो आणि आपणच भोगतो. दुसऱ्याचं कर्म दुसऱ्याला भोगता येत नाही, बारा भावनांतली एकत्व भावना हेच शिकवते. शरीर कसं मिळावं ते त्या जीवाच्या स्वतःच्या नामकर्माने ठरतं, असं आपण पाठशाळेत शिकलो. मग आईच्या पापाने बाळाला दोष आला, हे वाक्य कुठल्या शास्त्रातलं? ते आपल्या शास्त्रातलं नाहीच, ते शेजारपाजारचं आहे. कर्मसिद्धांत हा स्वतःकडे बघायचा आरसा आहे. आपण तो दुसरीच्या तोंडासमोर धरतो आणि वर धर्म सांगितला असं समजतो.

आमच्या बस्तीत अभिषेकानंतर गंधोदकाची वाटी घेऊन उभा राहणारा एक दादा आहे. तिशीचा असेल. त्याला डाऊन सिंड्रोम आहे. तो प्रत्येकीला नावाने हाक मारतो आणि एखादी दोन रविवार दिसली नाही तर तिसऱ्या रविवारी विचारतो. माझ्या सुनेचं कळल्यावर एक बाई तिथेच मोठ्याने म्हणाल्या, "तसलं पोर कोणाच्या पदरी येऊ नये." त्या दादाची आई दोन पावलांवर पूजेची थाळी पुसत होती. तिने मान वर केली नाही. मी त्या बाईंना काही बोलले नाही, याची मला आजही लाज वाटते.

त्या आईलाच सुनेने पुढे एकदा भेटायचं म्हटलं. मी दोघींना खोलीत सोडून बाहेर आले. काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. पण सून बाहेर आली तेव्हा म्हणाली, "त्यांनी मला खोटं काही सांगितलं नाही. काय अवघड असतं ते सांगितलं आणि काय अवघड नसतं तेही." अशी एक बाई दहा फोनांपेक्षा जास्त उपयोगी पडते.

गर्भजल तपासणीला जवळजवळ चार आठवडे होते. ते चार आठवडे कसे काढले, याबद्दल थोडं. मी पहिल्याच रात्री देवासमोर म्हटलं होतं, सगळं नीट होऊ दे, शिखरजीला येईन. दोन दिवसांनी स्वाध्यायात आर्तध्यानाचे चार प्रकार आले. चौथ्याचं नाव 'निदान', म्हणजे पुढच्या फळाची आस धरून धर्म करणं. मला हसूही आलं आणि वाईटही वाटलं. डॉक्टरांचं निदान सोळाव्या आठवड्यात होणार होतं, माझं पहिल्याच रात्री होऊन गेलं होतं! आपले भगवान वीतराग आहेत. ते देत नाहीत आणि नेतही नाहीत. त्यांच्यासमोर बसून आपलं मन स्थिर होतं, एवढाच आपला लाभ, आणि तो काही थोडा नाही. नंतर मी रोज सकाळी णमोकाराची एक माळ जपत असे. मागणं काही नाही. त्या माळेनंतर मला दिवसभर गप्प राहता येत असे. सुनेला मात्र मी माळ धर म्हटलं नाही. एक दिवस ती आपणहून शेजारी येऊन बसली.

उपवासाचंही सांगते. तिच्या नावाने मी एकाशन केलं तर ते माझं. तिने करावं असं सुचवणंसुद्धा चूक. सोळाकारण भावनांत तपाच्या आधी शक्तीप्रमाणे असा शब्द आहे, तो काही उगाच नाही. मळमळ, अशक्तपणा आणि त्यात ही धास्ती. रात्री दहाला तिला भूक लागली तर मी दूध गरम करून दिलं. माझ्या सासूबाईंनी मला दिलं नसतं, पण त्यांच्या काळी त्यांनाही कोणी दिलं नव्हतं. फोलिक ॲसिडच्या गोळ्या, बी-१२, लोह, डॉक्टर देतील ते नियमाने घ्यायचं. आपल्या शाकाहारात बी-१२ कमी पडतं, तेव्हा तिथे हट्ट नको.

आता सर्वात कठीण गोष्ट, जी आपण बस्तीत बोलत नाही. रिपोर्ट वाईट आला तर काय?

माझं मत मी लपवत नाही. गर्भातला जीव हा जीवच आहे, असं आपलं शास्त्र मानतं आणि मीही मानते. गर्भपाताला मी हिंसाच म्हणते. माझ्यावर वेळ आली असती तर मी काय केलं असतं, हे मी मनात अनेकदा ठरवलं आणि अनेकदा मोडलं. पण एक गोष्ट मला त्या चार आठवड्यांत स्पष्ट झाली. हा निर्णय माझा नव्हता. मी साठी ओलांडलेली. ते मूल तिशीला येईल तेव्हा त्याचा हात धरायला मी असणार नाही, सून असेल. कायदाही तिलाच विचारतो. सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरते, सासूची लागत नाही. वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरांचं मत लागतं. २०२१च्या दुरुस्तीनंतर ठरावीक परिस्थितीत चोवीस आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांचं लागतं. गर्भात गंभीर दोष असेल तर त्यापुढेही वैद्यकीय मंडळ ठरवतं. हे एवढ्यासाठी सांगते, की 'आजच ठरवा' असं कोणी घाबरवलं तर घाबरू नये. नक्की निदान होईपर्यंत थांबायला बहुधा वेळ असतो.

आणि थांबायलाच हवं. नुसत्या १:९६ वर, "तरुण आहेस, काढून टाक, पुन्हा राहील," असा सल्ला देणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत, पर्युषणात दहा दिवस उपवास करणाऱ्या. ९५ निरोगी शक्यतांवर असं बोलताना त्यांची अहिंसा कुठे जाते? उलट बाजूच्याही पाहिल्या, "काहीही असो, ठेवायचंच, नाहीतर पाप लागेल" म्हणणाऱ्या. मी त्यांना विचारते, बाई, ठेव म्हणतेस ना, मग त्याला आठवड्यातून दोनदा थेरपीला तू नेशील? तुझ्या नातवाच्या वाढदिवसाला त्याला बोलावशील? त्याच्या बहिणीचं स्थळ आलं तर नाक मुरडणार नाहीस ना? यातलं काही करणार नसशील, तर नुसती आज्ञा करायचा अधिकार आपल्याला नाही. काही दोष असे असतात, की बाळ जन्मानंतर जगूच शकत नाही, असं डॉक्टर सांगतात. त्या आईबापांसमोर तर तोंडातून शब्द काढताना दहादा विचार करावा. अहिंसा पोटातल्या जीवासाठी आहे तशी समोर बसलेल्या जीवासाठीही आहे. वचनाची हिंसाही हिंसाच. महाराजांना किंवा माताजींना विचारावंसं तिला वाटलं तर तिने विचारावं, आपण तिच्या वतीने जाऊन उत्तर आणू नये.

आमचं पुढे काय झालं ते सांगते, पण त्यावरून काही सिद्ध होतं असं समजू नका. गुणसूत्रं नीट आली. नंतरच्या तपासणीत बाळाच्या हृदयात एक बारीक छिद्र दिसलं. पुन्हा काळजी, पुन्हा वाट बघणं. नात झाली. अशी बारीक छिद्रं पुष्कळदा आपोआप बुजतात, तसं तिचंही दीड वर्षात बुजलं. आता ती माझ्या जपाची माळ ओढते.

पण त्याच सुमारास आमच्या ओळखीतल्या एका मुलीचा रिपोर्ट उलटा आला. तिने काय ठरवलं ते मी लिहिणार नाही, ते तिचं आहे. बाळ राहिलं नाही, एवढं सगळ्यांना माहीत आहे. सुतकाचे दिवस सगळ्यांनी बरोबर मोजले. ते संपल्यावर मात्र कोणी फिरकलं नाही. बाळ जन्मलंच नव्हतं, तर भेटायला कशाला जायचं, असं लोकांना वाटलं असावं. मी गेले. काय बोलावं सुचेना म्हणून नेलेले लाडू डब्यात भरत राहिले. ती म्हणाली, "मावशी, तुम्ही पहिल्या आलात जिने 'होईल दुसरं' म्हटलं नाही." खरं सांगते, तसं म्हणणारच होते. सुनेच्या चार फोनांची आठवण झाली म्हणून ओठ मिटले.

तर माझ्या त्या रविवारच्या मैत्रिणीला आणि तुम्हा सगळ्यांना एवढंच. तिला तिच्या वेळेने कळू द्या. आकडा नीट वाचा. प्रश्न लिहून न्या. तिच्या जेवणाकडे, झोपेकडे बघा. नवऱ्यालाही विचारा तू कसा आहेस, त्याला कोणी विचारत नाही. पाठ करायचा तर आपल्या मनासाठी करा. आणि तिचा निर्णय कुठलाही असो, त्यानंतरच्या सोमवारीही तिच्या घरी जा.

जाऊबाईंना मी नंतर सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "तूच फोन केलास की गं." खरं आहे. पुढच्या दशलक्षणात क्षमावाणीच्या दिवशी मी सर्वात आधी सुनेची क्षमा मागितली. तिने हात धरले आणि म्हणाली, "आई, आता पुरे, चहा ठेवा."

लिहिण्यात कुठे कोणाचं मन दुखावलं असेल तर उत्तम क्षमा. जय जिनेंद्र.